तांदळाच्या कोंड्याला प्रयोगशाळेत जागा द्या : रसायनशास्त्र अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सदस्य,
रसायनशास्त्र अभ्यास मंडळे,
महाराष्ट्र व गोव्यातील सर्व विद्यापीठे

विषय : जपानी रसायनज्ञ उमेतारो सुझुकी यांच्या कोंड्यावरील कामावर आधारित प्रात्यक्षिक पदवी अभ्यासक्रमात घेण्याबाबत

महोदय / महोदया,

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीचे अभ्यासक्रम पुन्हा लिहिले जात आहेत. सेंद्रिय रसायनाच्या प्रॅक्टिकलमध्ये चहातून कॅफिन आणि दुधातून केसीन वेगळे करणे हे वर्षानुवर्षे चालत आलेले प्रयोग आहेत. ते काढा असे आमचे म्हणणे नाही. त्यांच्या शेजारी तांदळाच्या कोंड्यातून थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब१, ओढून काढून ओळखण्याचे तीन तासिकांचे प्रात्यक्षिक घाला, एवढीच मागणी आहे. ते का घालावे, कसे करावे आणि कुठे फसते हे खाली सविस्तर मांडतो, म्हणजे मंडळाच्या बैठकीत ‘कल्पना छान आहे, पण जमणार नाही’ एवढ्यावर विषय मिटू नये.

आपल्याकडे जीवनसत्त्वांचा इतिहास शिकवला जातो तो बहुधा डच वैद्य आइकमन यांच्या पॉलिशच्या तांदळाने आजारी पडलेल्या कोंबड्या आणि पोलिश रसायनज्ञ फुंक यांनी १९१२ मध्ये दिलेले ‘व्हिटॅमिन’ हे नाव, एवढ्यातच आटोपतो. कोंड्यातला तो पदार्थ रसायनशास्त्राच्या अंगाने सर्वात आधी ज्यांनी पकडला त्या उमेतारो सुझुकींचे नाव क्वचित येते. श्रेय कोणाचे, हा वाद आम्हाला उकरायचा नाही. सुझुकींचे काम म्हणजे हजार पदार्थांच्या गर्दीतून एक पदार्थ कसा वेगळा करायचा याचा उत्तम धडा आहे, आणि हा धडा आपल्या गिरणीतल्या कोंड्यावर गिरवता येतो.

थायमिनच्या अभावाने होणाऱ्या बेरीबेरी या रोगाला जपानमध्ये ‘काक्के’ म्हणत. पायातले बळ जाते, सूज येते आणि शेवटी हृदय थकते. पांढरा, पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या शहरी लोकांत तो जास्त दिसे. तोक्योचे जुने नाव एदो, म्हणून त्याला ‘एदोचे दुखणे’ असेही म्हणत. १८८२-८३ च्या सफरीत ‘र्‍यूजो’ या नौदलाच्या जहाजावर ३७६ पैकी १६९ जण काक्केने आजारी पडले, २५ दगावले. नौदलाचे वैद्य ताकाकी कानेहिरो यांनी १८८४ मध्ये ‘त्सुकुबा’ जहाज त्याच मार्गाने पाठवले, फक्त जेवण बदलून, आणि त्या सफरीत काक्केने एकही मृत्यू झाला नाही. प्रथिने वाढल्याने गुण आला असे ताकाकींना वाटले. कारण चुकीचे, उपाय बरोबर. भूदलाने मात्र ते मानले नाही आणि रशिया-जपान युद्धात (१९०४-०५) सुमारे २७,००० जपानी सैनिक काक्केने गेले. तोक्योतल्या वजनदार डॉक्टरांचा कल तेव्हा जंतुसंसर्गाकडे होता.

सुझुकी डॉक्टर नव्हते. शिझुओका प्रांतातल्या शेतकरी घरात १८७४ मध्ये जन्म, तोक्यो शाही विद्यापीठात कृषी-रसायनाचे शिक्षण, मग बर्लिनमध्ये एमिल फिशर यांच्याकडे प्रथिनांवर काम. परतल्यावर १९०७ मध्ये ते तोक्यो विद्यापीठात प्राध्यापक झाले. युरोपातल्या सुसज्ज प्रयोगशाळांशी प्रथिनांत शर्यत लावण्यापेक्षा पूर्वेचा स्वतःचा प्रश्न हाती घ्या, असा सल्ला फिशर यांनी दिला असे सांगितले जाते. तो प्रश्न म्हणजे तांदूळ.

आता रसायनशास्त्राकडे. नुसत्या पांढऱ्या तांदळावर ठेवलेली कबुतरे लुळी पडतात आणि कोंडा दिल्यावर उठतात, हे कळले होते. पण कोंड्यात तेल, स्टार्च, प्रथिने, फायटिन, साखरा, आम्ले, कोलीन असे सगळेच आहे. सुझुकी आणि त्यांचे सहकारी शिमामुरा यांनी आधी तेल काढून टाकले, मग उरलेल्या कोंड्याचा अल्कोहोलमध्ये अर्क काढला. इथे स्टार्च आणि बहुतेक प्रथिने मागे राहतात. अल्कोहोल उडवून उरलेला भाग पाण्यात घेतला आणि त्यात फॉस्फोटंगस्टिक आम्ल घातले. हे आम्ल नायट्रोजनयुक्त आम्लारींना (बेसना) धरून खाली बसवते. साखरा, क्षार आणि बहुतेक सेंद्रिय आम्ले द्रावणातच राहतात. हा खाली बसलेला साका बराइटाने, म्हणजे बेरियम हायड्रॉक्साइडने फोडून आम्लारी पुन्हा मोकळे केले. प्रत्येक टप्प्यावर प्रश्न एकच : गुण साक्यात गेला की द्रावणात? उत्तर देणारे उपकरण म्हणजे आजारी कबुतर. ज्या भागाने ते उठेल तो ठेवायचा, बाकी टाकायचे.

१३ डिसेंबर १९१० रोजी तोक्यो रासायनिक संस्थेपुढे त्यांनी हे काम मांडले. पदार्थाला आधी ‘अबेरिक आम्ल’ म्हटले, नंतर ‘ओरायझानिन’. फुंक यांचा निबंध डिसेंबर १९११ चा, म्हणजे वर्षभरानंतरचा. पण सुझुकींचे पहिले लेखन जपानीत होते आणि सविस्तर जर्मन निबंध १९१२ मध्ये आला, तोवर युरोपात दुसरेच नाव रुळले होते.

विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी अशी गोष्ट याच्या पुढची आहे. सुझुकींच्या हाती आलेला पदार्थ शुद्ध नव्हता. फुंक यांचे स्फटिकही शुद्ध नव्हते. दोघांच्याही अर्कात निकोटिनिक आम्ल (आजचे जीवनसत्त्व ब३) होते, दोघांनीही ते वेगळे केले आणि कबुतरे त्याने बरी होत नाहीत म्हणून बाजूला ठेवले. पुढे १९३७ मध्ये तेच पेलाग्रा या दुसऱ्या अभावजन्य रोगावरचे औषध ठरले. हातात एक जीवनसत्त्व होते, पण चाचणी दुसऱ्याची चालू होती. व्हायवाला विचारायला यापेक्षा चांगला प्रश्न शोधून सापडणार नाही.

शुद्ध स्फटिक १९२६ मध्ये बटाव्हियात (आजचे जकार्ता) यान्सेन आणि डोनाथ यांनी मिळवले : ३०० किलो कोंड्यातून सुमारे १०० मिलिग्रॅम. त्यांनी फॉस्फोटंगस्टिक आम्लाऐवजी आम्लधर्मी मातीवर पदार्थ चिकटवून घेतला. त्यांच्याही सूत्रातून गंधक निसटले, ते विंडाउस यांनी १९३२ मध्ये दाखवले. सुझुकींच्याच गटातल्या ओदाके यांनी १९३१ मध्ये स्फटिक मिळवले, आणि रचना व संश्लेषण १९३६ मध्ये विल्यम्स यांनी पूर्ण केले.

प्रात्यक्षिकात कबुतर अर्थातच नको. त्याची जागा थायोक्रोम चाचणी घेते. अल्कलीत पोटॅशियम फेरिसायनाइडने थायमिनचे ऑक्सिडेशन झाले की थायोक्रोम बनते. ते आयसोब्युटॅनॉल या द्रावकात जाते आणि ३६५ नॅनोमीटरच्या प्रकाशात निळे चमकते. टीएलसीचा (थिन लेयर क्रोमॅटोग्राफीचा) यूव्ही कॅबिनेट बहुतेक महाविद्यालयांत असतो, त्यातला लांब तरंगलांबीचा दिवा लावायचा. २५४ चा दिवा लावून ‘काहीच दिसत नाही’ म्हणणाऱ्या बॅचेस दर वर्षी निघतील, तेव्हा बटणावर चिठ्ठी चिकटवलेली बरी.

पहिली तासिका नमुन्यांची. चार नमुने घ्या : गिरणीतला ताजा कोंडा, न पॉलिश केलेला तांदूळ, पांढरा पॉलिशचा तांदूळ आणि कोकण-गोव्यातला उकडा तांदूळ. कोंडा पॉलिशच्या यंत्राखालचा मागा. एकाच हलरवर भात सडणाऱ्या गिरणीतल्या कोंड्यात तूस मिसळलेले असते आणि आकडे घसरतात. ताज्या कोंड्यात १५ ते २० टक्के तेल असते आणि पॉलिश करताना सुटलेले लायपेज हे विकर त्याला दोन-चार दिवसांत खवट करते. लगेच वापरायचा नसेल तर पसरट ताटात पातळ थर करून ओव्हनमध्ये १०० अंशांवर दहा मिनिटे तापवा आणि बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. कोरड्या उष्णतेत थायमिन एवढ्याने फारसे जात नाही.

तेल काढण्यासाठी १० ग्रॅम कोंडा ४० मिली पेट्रोलियम ईथरमध्ये दहा मिनिटे ढवळा, निथळा, पुन्हा एकदा तसेच करा आणि फ्यूम हूडमध्ये वाळवा. जवळपास बर्नर पेटलेला नको. थायमिन पेट्रोलियम ईथरमध्ये विरघळत नाही, त्यामुळे इथे नुकसान नाही. ही पायरी गाळली तर शेवटी आयसोब्युटॅनॉल हलवताना घट्ट इमल्शन होते आणि दोन थर वेगळे व्हायचे नाव घेत नाहीत.

प्रत्येक नमुन्याची पूड ५ ग्रॅम, त्यात ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिली, वॉटर बाथवर ५० ते ५५ अंशांना तासभर, अधूनमधून हलवत. प्रमाणित पद्धतीत मिश्रण उकळतात आणि मग टाकाडायास्टेज हे विकर घालतात (तेही एका जपानी रसायनज्ञाचे, जोकिची ताकामिने यांचे). आम्ही उकळणे मुद्दाम टाळतो. तांदळाची पूड उकळली की तिची खळ होते आणि ती गाळता गाळता तासिका संपते. धान्यातले थायमिन बहुतांशी मोकळे असते, त्यामुळे ५५ अंशांवरही पुरेसे उतरते. आधी मलमलीतून, मग व्हॅटमन १ गाळणकागदातून गाळा. आम्ल मात्र हवेच. उदासीन द्रावणात थायमिन काचेला आणि कागदाला चिकटते, अल्कलीत नष्ट होते.

प्रमाण द्रावणासाठी शुद्ध थायमिन हायड्रोक्लोराइड १० मिलिग्रॅम त्याच आम्लात १०० मिली करा, त्यातले १ मिली पुन्हा १०० मिली करा. हे झाले मिलीला १ मायक्रोग्रॅम. यापासून ०.०५, ०.१, ०.२ आणि ०.४ ची मालिका तयार करा. पैसे वाचवायला बी-कॉम्प्लेक्सची गोळी कुटू नका. तिच्यातले रायबोफ्लेविन पिवळे-हिरवे चमकते आणि निळा रंग झाकून टाकते.

कोंड्यात १०० ग्रॅमला सुमारे २ ते ३ मिलिग्रॅम थायमिन असते, न पॉलिश केलेल्या तांदळात ०.४ च्या आसपास, उकड्यात ०.२ च्या आसपास आणि पांढऱ्यात ०.०७. म्हणजे कोंड्याचा अर्क दहापट पातळ केला आणि बाकीचे तसेच ठेवले की चारही नमुने मालिकेच्या पट्ट्यात बसतात. हे गणित विद्यार्थ्यांकडून आधी करून घ्यावे.

दुसरी तासिका चाचणीची. १ टक्का फेरिसायनाइड ४ मिली घेऊन १५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडने १०० मिली करा. हे त्याच दिवशी करायचे आणि चार तासांत संपवायचे. आम्ल अर्क आधी थोड्या आयसोब्युटॅनॉलने धुऊन घ्या. थायमिन धनभारित असल्याने पाण्यातच राहते, इतर चमकणारे पदार्थ बऱ्यापैकी निघून जातात. मग बुचाच्या नळीत ५ मिली अर्क, त्यात ३ मिली फेरिसायनाइडचे द्रावण, हलके फिरवून लगेच १० मिली आयसोब्युटॅनॉल आणि दीड मिनिट जोरात हलवणे. थर बसल्यावर वरचा थर कोरड्या नळीत घ्या. तो गढूळ असेल तर चिमूटभर निर्जल सोडियम सल्फेट टाका, गढूळपणा पाण्याचा असतो. मग कॅबिनेटमध्ये मालिकेशेजारी धरून जुळवा. चमक मोजणारा फ्लोरीमीटर असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही.

सर्वात मोठी चूक होते ती कोऱ्या (ब्लँक) नळीच्या बाबतीत. कोंड्यात फेरुलिक आम्ल असते आणि अल्कलीत ते स्वतःच निळे चमकते, अगदी थायोक्रोमसारखे. त्याचा बराचसा भाग खालच्या थरात राहतो, पण नळी आडवी धरून पाहणारा विद्यार्थी ‘कोंड्यात भरपूर थायमिन’ लिहून मोकळा होतो. म्हणून प्रत्येक नमुन्याला जोडनळी हवी : तोच अर्क, तोच सोडियम हायड्रॉक्साइड, फक्त फेरिसायनाइड नाही. दोन्हींच्या वरच्या थरांतला फरक, तेवढेच थायमिन. जोडनळीशिवाय लिहिलेल्या निकालाला गुण देऊ नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. आयसोब्युटॅनॉल स्वतःच चमकत असेल तर तेही इथेच पकडले जाते. मग ते ऊर्ध्वपातन करूनच वापरावे.

दुसरी चूक म्हणजे फेरिसायनाइड कमी पडणे. कोंड्याच्या अर्कातले क्षपणकारक पदार्थ ते खाऊन टाकतात. हलवल्यावर खालचा थर फिकट पिवळा उरला पाहिजे. तो रंगहीन झाला तर १ टक्क्याच्या द्रावणाचे दोन-चार थेंब वाढवून नवी नळी लावा. उलट, फार जास्त घातले किंवा आयसोब्युटॅनॉल घालायला उशीर केला तर थायोक्रोमही पुढे नष्ट होते. ते उन्हातही टिकत नाही, तेव्हा खिडकीजवळच्या टेबलावर स्टँड ठेवू नका.

उरलेले फेरिसायनाइड आम्लाच्या कचऱ्याच्या डब्यात ओतू नये, तीव्र आम्लात त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. त्यासाठी वेगळी, अल्कधर्मी बाटली ठेवावी. डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण १५ टक्के अल्कली बुचाच्या नळीत जोरात हलवायची आहे.

तिसरी तासिका वेगळे करण्याची, आणि खरा सुझुकी इथे भेटतो. फॉस्फोटंगस्टिक आम्ल महाग, बराइटा विषारी, म्हणून ते शिक्षकांनी एकदाच करून दाखवावे : १० मिली अर्कात, ५ टक्के सल्फ्युरिक आम्लात केलेले ५ टक्के फॉस्फोटंगस्टिक आम्ल, साका येणे थांबेपर्यंत. रात्रभर ठेवून वरचे द्रावण तपासले की चमक जवळपास गेलेली दिसते. बराइटा अल्कधर्मी आहे आणि थायमिन अल्कलीत मोडते, तेव्हा या टप्प्यावर हाताशी आलेले किती निसटत असेल याचा अंदाज वर्गाला येतो.

विद्यार्थ्यांनी यान्सेन-डोनाथ यांच्या वाटेने जावे. त्यासाठी लागणारी माती किराणा दुकानात मिळते, मुलतानी माती. ती आधी विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने बुडबुडे थांबेपर्यंत धुवा, कारण तिच्यातला चुना आम्ल मारतो आणि पीएच चढतो. मग पाण्याने धुऊन वाळवा. २० मिली अर्काचा पीएच ४ च्या आसपास आणून १ ग्रॅम माती घाला, पंधरा मिनिटे हलवा, गाळा. गाळलेल्या द्रावणात चमक उरत नाही, ती मातीवर गेलेली असते. माती धुऊन ०.१ नॉर्मल आम्लातल्या २५ टक्के पोटॅशियम क्लोराइडने गरम असताना हलवली की काही भाग परत येतो. किती, ते मातीवर अवलंबून. पाकिटागणिक फरक पडतो, म्हणून आधी प्रमाण द्रावणावर चाचणी घेऊन कोणती माती चालते ते लॅब असिस्टंटने ठरवून ठेवावे. आयन-विनिमय शिकवायला याहून स्वस्त साधन नाही.

वेळ उरला तर एक जोड : प्रमाण द्रावण १ टक्का खाण्याच्या सोड्यात दहा मिनिटे उकळा, गार करून आम्लधर्मी करा आणि चाचणी लावा. चमक जाते. डाळ-छोल्यांत सोडा टाकणाऱ्या घरांतून आलेली मुले हा निकाल विसरत नाहीत. सल्फाइटने थायमिन दोन तुकड्यांत तुटते, विल्यम्स यांना रचना तिथेच सापडली. पण तो प्रयोग या प्रात्यक्षिकात देऊ नका. उरलेले सल्फाइट फेरिसायनाइड खाते आणि थायमिन शाबूत असतानाही नळी काळोखी राहते.

उकड्या तांदळाबद्दल दोन शब्द. भात तुसासकट भिजवून वाफवताना कोंड्याच्या थरातले थायमिन दाण्याच्या आत उतरते, म्हणून नंतर पॉलिश केला तरी ते सगळे जात नाही. कोकण-गोव्यातल्या महाविद्यालयांना हा नमुना घरचाच आहे. भंडारा-गोंदियाकडे ताज्या कोंड्याला तोटा नाही. तांदूळ धुतलेले पहिले पाणी आणि वेळून काढलेली पेज हे दोन नमुने उत्साही बॅचला जादा द्यावेत. मात्र पेज आधीच खळ असते, ती सेंट्रिफ्यूजशिवाय गाळायला घेऊ नका.

खर्चाचा प्रश्न निघेलच. नव्याने घ्यायचे ते थायमिन हायड्रोक्लोराइड आणि आयसोब्युटॅनॉल. बाकी बाटल्या कपाटात असतातच. थायमिन एका बॅचला १० मिलिग्रॅम लागते, आयसोब्युटॅनॉल मात्र नळीला १० मिली जाते, म्हणून नमुने गटांत वाटून द्यावेत.

मंडळांकडून आम्हाला हवे ते असे. हे प्रात्यक्षिक ऐच्छिक यादीत नव्हे, अनिवार्य यादीत, तिसऱ्या किंवा चौथ्या सत्रात, प्रत्येकी तीन तासांच्या तीन तासिकांसह यावे. जर्नलमध्ये निकालाइतकेच गुण जोडनळीला आणि ‘कुठल्या टप्प्यावर किती गेले’ या तक्त्याला असावेत. सैद्धांतिक भागात सुझुकींवर अर्धे पान पुरे, पण त्यात १९१० ची तारीख, फॉस्फोटंगस्टिक आम्लाची पायरी आणि निकोटिनिक आम्लाची हुकलेली संधी या तिन्ही गोष्टी असाव्यात. शिक्षकांसाठी एक दिवसाची कार्यशाळा आधी व्हावी, आणि ती सेमिनार हॉलमध्ये नव्हे तर प्रयोगशाळेत, सिंकजवळ व्हावी.

कळावे,

आपले,
पदवी वर्गांना रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके शिकवणारे शिक्षक